महाराणीच्या केसांची चोरी

"माझे केस चोरीला गेलेत," असं म्हणून तो माणूस समोरच्या खुर्चीत बसला आणि भावोजींच्या कपातला चहा बशीत सांडला.

त्या माणसाच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता. उंचापुरा, आडव्या हाडाचा माणूस, नखांत काळं ग्रीस मुरलेलं. बसताना त्याने उजवा गुडघा चोळला. भावोजींनी एकदा त्याच्या टकलाकडे पाहिलं, एकदा ताईंकडे पाहिलं, आणि हसू दाबण्यासाठी तोंडाशी रुमाल धरून खोकल्याचं सोंग केलं.

ताई हसल्या नाहीत. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि जळक्या गादीकडे बघून काडी कुणी लावली ते सांगणारी बाई म्हणून तिथे त्यांचा दबदबा होता. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत खाजगी तपासाचं ऑफिस थाटलं. भावोजी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचा टाइपरायटर विकण्याचा धंदा टाइपरायटरबरोबरच बुडाला, आणि तेव्हापासून ते घरात बायकोच्या पायांत पायांत यायला लागले. दिवसभर तुझ्याकडे ठेवून घे आणि जेवायला पाठवून दे, असं बहिणीने ताईंना सांगितलं होतं. भावोजी मात्र स्वतःला भागीदार समजत.

"केव्हा गेले केस?" ताईंनी विचारलं.

"परवा. आणि लिलाव आज संध्याकाळी आहे."

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. पाहुण्याचं मोटारींचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्याच वर घर. घरात एक कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये एक दुनिया. तिथे रस्ते होते, दुकानं होती, रंगमंच होते, आणि प्रत्येक माणसाचा एकेक अवतार होता. गॅरेजवाल्याचा अवतार म्हणजे एक सडपातळ सुंदर स्त्री. तिला सगळे महाराणी म्हणत. तिचे केस टाचेपर्यंत होते आणि त्या दुनियेत त्यांना तोड नव्हती.

"म्हणजे तिथे तुम्ही बाई होता?" भावोजींनी विचारलं.

"होतो नाही, आहे," गॅरेजवाला शांतपणे म्हणाला.

त्या दुनियेत कपडे, चपला, केस सगळं लोक पडद्यावर हाताने रेखून बनवत आणि विकत. वर्षातून एकदा सगळे मिळून मोठा फॅशन शो करत आणि जमलेले पैसे कॅन्सरच्या रुग्णांसाठी देत. हॉस्पिटलशेजारी एक घर होतं, परगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहत. घर तीन मजली, आणि लिफ्ट नाही. यंदाचे सगळे पैसे लिफ्टसाठी होते. महाराणीने जाहीर केलं होतं की ती आपले केस लिलावात काढेल आणि भर मंचावर टकलाने उभी राहील. एका रात्रीत ती बातमी सगळ्या दुनियेत पसरली होती.

"दुसरे केस बनवा की," भावोजी म्हणाले.

तसं चालणार नव्हतं. बनवणाऱ्याने नक्कल बंद केली की त्या दुनियेत वस्तूचा एकच नग राहतो, आणि हे केस असेच एकुलते एक होते. आता ते नव्हते, आणि महाराणीने ऐनवेळी माघार घेतली अशी कुजबुज सुरू झाली होती.

"कुजबुजीचं मला काही नाही," गॅरेजवाला म्हणाला. "माझी बायको त्या घरात राहिलीय. तिसऱ्या मजल्यावर खोली. औषध चढवून आणलं की तिला एक पायरी चढवत नसे. मी सुट्टीला गेलो की उचलून न्यायचो. ती मला म्हणाली होती, आपल्यामागून येणाऱ्यांना तरी लिफ्ट हवी. तिला जाऊन दोन वर्षं झाली. लिफ्ट काही अजून झाली नाही."

त्याने पुन्हा गुडघा चोळला. ताईंनी पर्स उचलली आणि निघूया म्हणाल्या.

दार सासूबाईंनी उघडलं. लहानशा, ताठ कण्याच्या बाई. त्या गॅरेजवाल्याच्या बायकोच्या आई. आजारपणात लेकीबरोबर परगावी राहिल्या आणि लेक गेल्यावर जावयाने त्यांना परत जाऊ दिलं नाही. तेव्हापासून दोघं एका घरात राहत, आणि गॅसचा सिलिंडर व भाजी यापलीकडे फारसं बोलत नसत.

"त्या डब्याचं बघायला आलात का?" सासूबाईंनी कॉम्प्युटरकडे मान उडवली. "बघा. मी त्याला हात लावत नाही. धूळसुद्धा पुसत नाही त्याची."

आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांना ते नाचगाणं मुळीच खपत नाही, असं गॅरेजवाल्याने ओशाळून सांगितलं.

मग त्याने परवाची हकीकत सांगितली. रंगीत तालीम होती. मंचाच्या जिन्याखाली काचेची पेटी, पेटीत लाकडी डोकं, आणि त्यावर केस. महाराणी मंचावर साधे आखूड केस घालून उभी होती. एवढ्यात ब्रेक तपासायला खाली एक गिऱ्हाईक आलं. गॅरेजवाल्याच्या कानावर हेडफोन होते, म्हणून सासूबाईंनी खांदा हलवून सांगितलं. तो महाराणीला तशीच सोडून खाली गेला. परत येऊन घाईघाईने खुर्चीत बसला तो गुडघा खालून टेबलावर असा आपटला की तारे चमकले. तारे विझल्यावर पाहिलं तर पेटी रिकामी. लाकडी डोक्यापाशी फक्त केसांची हिऱ्यांची क्लिप ठेवलेली.

"आणि महाराणी?"

"जिन्याखाली उभी होती. घसरली असेल. ती घसरतेच. मला जिना उतरता येत नाही हो, दोन वर्षं झाली तरी. ती कायम तोंडावर पडते. लोकांना वाटतं तिची ती अदा आहे."

पेटी चौघांनाच उघडता येत होती. शो भरवणारा ससा, केशभूषेची प्रमुख जलपरी, मंच बांधणारा ड्रॅगन, आणि खुद्द महाराणी. पेटी समोरचा अवतार ओळखायची आणि उघडायची. नोंद वगैरे काही ठेवायची नाही.

ताईंनी महाराणीचं सामान बघायला मागितलं. त्या दुनियेत प्रत्येकाकडे एक अदृश्य पिशवी असते, आणि गॅरेजवाल्याची पिशवी म्हणजे अडगळीची खोली होती. आत कप्पेच कप्पे. "केस नवे". "केस नवे नवे". "केस शेवटचे". "केस खरंच शेवटचे". "केस खरंच शेवटचे, हे नाही".

"सगळं उलथंपालथं केलं," तो म्हणाला.

"आणि हा?" ताईंनी सर्वांत वरच्या कप्प्यावर बोट ठेवलं. त्यावर नुसतं "माझं" असं लिहिलं होतं.

"तो तिचा. महाराणी आधी तिची होती. आजारपणात तिचे खरे केस गेले, तेव्हा ती फोनवरून सांगायची आणि मी इथे बसून हे केस काढायचो. एकेक बट. ती गेल्यावर मी महाराणीला चालवायला घेतलं, पण तो कप्पा मला उघडवत नाही."

ताईंनी खुर्चीचा खटका दोनदा वरखाली करून पाहिला. खटका घट्ट होता.

आता संशयितांना भेटायचं तर त्यांच्या दुनियेत जायला हवं. ताईंनी ते काम भावोजींवर सोपवलं, कारण टाइपरायटरच्या पुण्याईने त्यांची बोटं कीबोर्डवर भराभरा चालत. गॅरेजवाल्याने आपला लॅपटॉप काढून त्यांना एक फुकटातला अवतार करून दिला. पिळदार शरीराचा, गुलाबी चड्डी घातलेला एक तरुण पडद्यावर उगवला आणि थेट कारंज्याच्या कठड्यावर जाऊन बसला. भावोजींनी सगळी बटणं दाबून पाहिली. तरुण बसल्या जागी मान हलवत राहिला.

"पायच हलत नाहीत हो याचे," भावोजी कुरकुरले.

"बसला असेल," स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "आधी उठवा, मग बाण दाबा."

भावोजींनी उठवलं, बाण दाबला, आणि तरुण टुणकन उठून कारंज्यात पडला. पण निदान चालायला तरी लागला. भावोजींनी मोठ्याने आभार मानले.

पहिला ससा. माणसाएवढा पांढरा ससा, अंगात कोट. कोटाच्या आत एक निवृत्त मुख्याध्यापक होते आणि ते लपत नव्हतं. भावोजींच्या गुलाबी चड्डीकडे बघून त्यांनी आधी पोशाखाविषयी चार शब्द सुनावले. मग सांगितलं, की तालमीच्या वेळी ते पेटीसमोरच होते.

"पेटीपाशी कोण आलं?" ताईंनी विचारलं.

"कुणीही नाही. म्हणजे महाराणीखेरीज कुणी नाही. ती मंचावर मान खाली घालून उभी होती. माणूस जागेवर नसला की अवतार असा मान टाकतो. थोड्या वेळाने तिने मान वर केली, खाली आली, पेटी उघडली. मी तिला हाक मारली. तिने मला वाकून नमस्कार केला." मुख्याध्यापकांचा आवाज मऊ झाला. "दोन वर्षांत पहिल्यांदा. एरवी 'काय मास्तर' म्हणून पाठीत धपाटा घालते."

गॅरेजवाला ताडकन उठला. आपण तेव्हा खाली गाडीच्या पोटात होतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. भावोजींनी भुवई वर केली आणि ताईंकडे सूचक पाहिलं.

दुसरी जलपरी. ही एक दंतवैद्य बाई होती आणि दवाखान्यातूनच बोलत होती. मागे कुणीतरी तोंड उघडं ठेवून 'आ आ' करत होतं.

महाराणीचे केस आपल्याला आवडत नव्हते, असं तिने सांगून टाकलं. "फारच साधे. एक बट तर कानामागून सुटलेली. मी त्याला म्हटलं, लिलावात बोली वाढायची असेल तर वर माझी क्लिप लाव. महिनाभर खपले मी त्या क्लिपवर. खरं सांगू का, लोक क्लिपसाठीच येणार होते. चूळ भरा."

शेवटचं वाक्य रुग्णाला होतं. पेटीपाशी महाराणीखेरीज कुणी गेलं नाही, हे तिनेही सांगितलं. शेपटीमुळे तिला स्वतःला जिन्याच्या बाजूला येताच येत नव्हतं.

तिसरा ड्रॅगन. खऱ्या आयुष्यात हा करसल्लागार. आवाज बारीक, स्वभाव भिडस्त, आणि नाकातून सारखा धूर. त्याला चोरीविषयी बोलण्यात रस नव्हता, जिन्याविषयी होता.

"मी तो जिना महाराणीसाठीच दोनदा बदलला," तो म्हणाला. "पायऱ्या रुंद केल्या, कठडा लावला. तरी ती रोज पडायची. मला फार वाईट वाटायचं हो. परवा मात्र ती उतरली. एकेक पायरी, कठड्याला धरून, डौलात. मी तर टाळ्या वाजवल्या."

"आणि मग पेटी उघडली?"

"हो. केस घेतले, क्लिप काढून नीट खाली ठेवली, आणि तिथेच उभी राहिली. तिचेच केस ना? मला वाटलं धुवायला नेत असेल."

भावोजींनी लॅपटॉप बाजूला सारला आणि हाताची घडी घातली. त्यांचा निकाल तयार होता.

"तीन साक्षीदार आणि तिघांचं एकच म्हणणं," ते म्हणाले. "ताई, चोर समोर बसलाय. आधी मोठ्या तोंडाने शब्द दिला, मग जीव अडकला. स्वतःचे केस स्वतःच पळवले आणि बोंब मारत आपल्याकडे आला. केसाने गळा कापला म्हणतात तो असा."

गॅरेजवाल्याचा चेहरा पडला. तो रागावला नाही. तीन शब्द पुटपुटला, ते भावोजींना ऐकू आले नाहीत, ताईंना आले. "बायकोची शपथ घेतो."

"शपथ नको," ताई म्हणाल्या. "तुम्ही चोर असता तर माझ्याकडे आला नसता, सरळ लिलाव पुढे ढकलला असता. लोक जमेपर्यंत थांबूया. चहा मिळेल का थोडा?"

संध्याकाळ झाली. पडद्यावर मंचासमोर गर्दी दाटू लागली. परी, राक्षस, तलवारवाले, एक चालता फ्रीज. ससा मंचावर येरझाऱ्या घालत होता. सासूबाई चहाचे कप न्यायला आल्या, तेव्हा ताईंनी त्यांना जरा बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"भावोजींचं म्हणणं निम्मं बरोबर आहे," ताईंनी सुरुवात केली. "केस महाराणीनेच घेतले. तिघांनी ते पाहिलं आणि तिघं खरं बोलले. पण त्या दुनियेतल्या माणसांची एक खोड आहे. ती कपड्यांवरून माणूस ओळखतात. ससा दिसला की मास्तर, शेपूट दिसली की डॉक्टरीणबाई. महाराणी दिसली की गॅरेजवाले. महाराणीला चालवणारा हात कुणाचा, हे कुणी विचारत नाही. कारण तो कुणाला दिसतच नाही."

"तिचा पासवर्ड फक्त मला ठाऊक आहे," गॅरेजवाला म्हणाला.

"पासवर्ड लागलाच नाही. तुम्ही तिला चालू ठेवून खाली गेलात. या खुर्चीत बसलं की झालं. आता कोण बसलं ते बघू. तुम्ही परत येऊन बसलात तेव्हा गुडघा आपटला. रोज बसता, रोज नाही आपटत. म्हणजे खुर्ची उंच झाली होती. खटका घट्ट आहे, आपोआप सरकणारा नाही. तुमच्यापेक्षा बऱ्याच बुटक्या माणसाने ती वर घेतली."

भावोजींनी नकळत स्वतःच्या उंचीचा अंदाज घेतला.

"हा माणूस जिना उतरतो. तुम्हाला दोन वर्षांत जमलं नाही ते त्याला जमतं. म्हणजे हात नवखा नाही, तुमच्यापेक्षा मुरलेला आहे. हा माणूस मास्तरांना धपाटा घालत नाही, वाकून नमस्कार करतो. वडीलधाऱ्यांशी तसं वागायची सवय आहे त्याला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तो क्लिप ठेवून जातो. डॉक्टरीणबाई म्हणतात लोक क्लिपसाठी येणार होते. चोराला विकायचं असतं, मिरवायचं असतं, किंवा शो पाडायचा असता, तर क्लिपसकट उचललं असतं. याने क्लिप सोडवली, नीट ठेवली, आणि केस मूळचे होते तसे नेले. सुटलेल्या बटेसकट. म्हणजे क्लिप लागायच्या आधीचे केस ज्याला आपले वाटत होते, असं कुणीतरी."

ताईंनी आवाज खाली आणला.

"दुपारी भावोजींचा अवतार कठड्यावर अडकला. पाय हलत नाहीत, एवढंच ते म्हणाले. पडदा स्वयंपाकघरातून दिसत नाही. तरी आतून उत्तर आलं, बसला असेल, आधी उठवा, मग बाण दाबा. ज्या बाई त्या डब्यावरची धूळही पुसत नाहीत त्यांना हे कसं कळलं, एवढाच माझा प्रश्न आहे. केस कुठे आहेत हे मी विचारत नाही. जावई जो कप्पा उघडत नाहीत, त्यातच असणार."

सासूबाईंनी हातातले कप टेबलावर ठेवले.

"तुम्ही फक्त सुट्टीला यायचात," त्या जावयाला म्हणाल्या. "बाकीचे दिवस मी होते. तिचे हात उचलत नव्हते. ती निजून सांगायची, आई डावीकडे, आई जिना आला, हळू उतर, सगळ्यांना नमस्कार कर. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बटणं दाबायचे. तुमचे केस आले त्या दिवशी तिने मला अख्ख्या गावातून फिरवायला लावलं. सगळ्यांना दाखव म्हणाली."

"मला वाटायचं तीच चालतेय," गॅरेजवाला म्हणाला.

"तीच चालत होती. हात माझे होते."

त्याने तोंडावरून ग्रीसचा हात फिरवला. "मला सांगितलं असतंत, सासूबाई. मी विकायला काढलेच नसते."

"तुम्ही मला विचारलंत? विकायला काढायच्या आधी?"

गॅरेजवाल्याची मान खाली गेली. "तुम्हाला हे सगळं आवडत नाही असं वाटलं."

"मला ते बघवत नाही. त्यात ती आहे." सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "त्या खुर्चीत मी आजवर कधी बसले नव्हते. परवा तुम्ही खाली गेलात आणि ती मान खाली घालून उभी दिसली. निजल्यासारखी. मला राहवलं नाही. तिला उठवलं, खाली आणलं, आणि बघते तर केसांवर ते चकचकीत काहीतरी. जन्मभर केस विंचरले मी तिचे. गळाले तेव्हा उशीवरून मीच गोळा केले. हे दुसऱ्यांदा जाऊ देणं मला जमलं नाही."

भावोजींनी पुन्हा रुमाल काढला. आता खोकल्याचं सोंग करायची गरज नव्हती.

एवढ्यात लॅपटॉपमधून घसा साफ केल्याचा आवाज आला.

"क्षमा असावी," ससा म्हणाला. "पण गुलाबी चड्डीवाल्या गृहस्थांनी दुपारपासून माइक बंद केलेला नाही. इथे सर्वांना सर्व ऐकू आलं आहे."

पडद्यावरची सगळी गर्दी त्यांच्याकडे तोंड करून उभी होती. भावोजींनी माइक बंद करण्यासाठी झडप घातली आणि त्या गडबडीत गुलाबी चड्डीतला तरुण कोलांटी मारून फ्रीजवर आदळला. फ्रीजने काही हरकत घेतली नाही.

"लिलाव नाही," गॅरेजवाला उठून म्हणाला. "मी सांगतो सगळ्यांना. काय म्हणायचं ते म्हणोत. सासूबाई, केस तुमचे. केसालाही धक्का लागू देणार नाही मी."

"आणि लिफ्ट?"

तो पुन्हा गुडघा चोळू लागला.

"सुट्टीला तुम्ही तिला उचलून वर न्यायचात," सासूबाई म्हणाल्या. "मधल्या दिवशी कोण न्यायचं, विचारलंत कधी? मी न्यायचे. पाठीवर घेऊन. दर वळणावर बसायचो दोघी. ती म्हणायची, आई मी जड झालेय का गं. पिसासारखी झाली होती." त्यांनी नाक ओढलं. "मला ती विकायची नव्हती. पण तो जिना कुठल्या दुसऱ्या म्हातारीने चढायला नको. सरका जरा."

गॅरेजवाला सरकला. सासूबाईंनी खटका दाबून खुर्ची वर घेतली आणि नाकावर चष्मा चढवला. तो "माझं" लिहिलेला कप्पा त्यांनी उघडला. आत केस होते, आणि केसांखाली आणखी पुष्कळ काही होतं, पण त्यांनी ते आता बघितलं नाही. जावयाला म्हणाल्या, हे आपण नंतर दोघं मिळून उघडू.

महाराणीने मान वर केली. गर्दी बाजूला झाली. ती कठड्याला धरून एकेक पायरी चढली. ड्रॅगनच्या नाकातून धूर यायचा थांबला होता. मंचावर जाऊन तिने डोक्यावरचे आखूड केस काढले आणि टकलाने उभी राहिली. मग लांब केस मंचावर मांडलेल्या लाकडी डोक्यावर ठेवले. ते टाचेपर्यंत सुटले.

"क्लिप लावू नका," जलपरी हळूच म्हणाली. "असेच राहू द्या."

सशाने मंचावरून बोलायची खूण केली. सासूबाईंना माइक कुठे असतो ते माहीत नव्हतं, म्हणून त्या थेट पडद्याशी तोंड नेऊन बोलल्या, ऐकायला कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तशा.

"मी तिची आई," त्या म्हणाल्या. "बोली लावा. भरपूर लावा. लिफ्ट मोठी हवी, आडवा झोपवलेला माणूस मावला पाहिजे तीत. आणि ज्याला हे केस मिळतील त्याने एवढं करावं. विंचरताना मुळाशी धरून विंचरा. ओढले की तिला दुखायचं."

बराच वेळ कुणीच बोली लावली नाही. मग सगळ्यांनी एकदम लावली.